स्ट्रॉबेरीच्या बिया

"पृथ्वीवरची यच्चयावत फळे ईश्वराने अशा योजनेने घडवली आहेत, की ती कशी खावीत हे मनुष्याला कोणालाही विचारावे लागू नये," असे मी मुलांना बजावले, आणि हातातले तांबडे फळ उलटसुलट करून त्याची वरची बाजू कोणती ते पाहू लागलो.

"आजोबा, देठाची बाजू वर," माझी नात मंदा म्हणाली.

"ते वांग्याचं. हे वांगं नाही."

"मग खाली का?"

"बघू," मी म्हणालो.

इसवी सन १८८८चा चैत्र होता. माझा मुलगा त्र्यंबक साहेबाच्या कचेरीबरोबर उन्हाळ्यापुरता महाबळेश्वरी गेला होता. तिथून ठाण्याला येणाऱ्या पट्टेवाल्याबरोबर त्याने स्ट्रॉबेरीची करंडी धाडली होती आणि वर चिठ्ठी: 'बाबा, आपण साहेबाच्या बंगल्यावर खाल्लेत तेच हे फळ. त्या वेळचे ते दुधातले पक्वान्न मुलांना आपल्या हाताने करून घालावे.'

आता खरे सांगायचे तर मी ते पक्वान्न खाल्ले नव्हते. अठरा वर्षांपूर्वी महाबळेश्वरी नोकरीला होतो, तेवढेच खरे. परत आल्यावर मात्र साहेबाने शेजारी बसवून आपल्या हाताने वाढल्याचे मी घरी सांगितले, आणि दर खेपेस सांगताना त्यात थोडी साखर वाढत गेली. बायकोने पहिल्याच दिवशी ऐकून "बरं" म्हटले होते. टेंभी नाक्यापासून स्टेशनापर्यंत माझी ही गोष्ट खरी मानणारी तीनच माणसे आता उरली होती: दहा वर्षांचा हरिहर, आठ वर्षांची मंदा आणि पाच वर्षांचा मधु. ती तिघे ओळीने पाट मांडून माझ्यासमोर बसली होती. ही तीन मला गमावायची नव्हती.

बायको सुनेला घेऊन बहिणीकडच्या मुंजीसाठी कल्याणला गेली होती, एवढीच काय ती देवाची कृपा.

"साहेबाच्या बागेतलं आजीला चालेल?" हरिहरने विचारले.

"आजी कल्याणला आहे," मी म्हणालो.

फळ सोलायचे म्हटले तर साल सापडेना. चिरायचे म्हटले तर आत काहीच निघेना. बी नाही, कोय नाही, आठळी नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. बिया बाहेर होत्या! फळाच्या अंगावर, एकीशेजारी एक. असले फळ ज्याने केले त्याच्या मनात काय होते ते मला अजून कळलेले नाही.

"आधी बिया काढायच्या," मी म्हणालो. "सीताफळाच्या नाही का काढत?"

"साहेबाकडे कोण काढायचं?"

"बटलर."

कचेरीत कागद टाचायला बाभळीचे काटे असत. त्यांची एक डबी माझ्या पेन्शनीबरोबर घरी आली होती. ती उघडली आणि एकेक काटा तिघांच्या हाती दिला. मंदाने बिया मोजायला घेतल्या आणि दीडशेवर सोडून दिले. तासाभरात सात फळे तयार झाली. देवी येऊन गेलेल्या माणसांसारखी ती ताटात बसली होती. मधुने एक बी नाकात घातली. ती काढण्यात आणखी थोडा वेळ गेला.

मग मुलांना उरलेल्या फळांच्या बिया काढायला लावून मी दूध तापवले. ऊन दुधात ती सात फळे सोडली, वर साखर घातली आणि पळीने ढवळले. ढवळता ढवळता दुधाच्या गाठी झाल्या आणि खाली गुलाबी पाणी उरले.

"दूध फाटलं!" मंदा ओरडली.

"फाटलं नाही. ते तसंच व्हायचं असतं."

"साहेब असं खातो?"

"साहेब लोक फार सोसतात," मी म्हणालो.

तेवढ्यात माजिवड्याहून संध्याकाळचे दूध घालणारी सगुणा मागच्या दारी आली. तिने पातेल्याकडे पाहिले, काट्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"बाबा, ही पोरा काय टोचतान?"

"बिया काढतायत."

"इस्टाबेरीच्या?" तिने कपाळाला हात लावला. "माजा भाव तिकरं म्हाबलेसराला बंगल्यावर माली हाय. साहेब काय, पोरा काय, सगली आखीच खातान. बियांसकट!"

सगुणा दूध घालून गेली. हरिहरने करंडीतले एक फळ उचलून अख्खे तोंडात टाकले. डोळे मिटले, उघडले.

"आंबट-गोड आहे," तो म्हणाला. "आजोबा, तुम्ही तर म्हणायचात पेढ्यासारखं लागतं."

मी पळी खाली ठेवली. आता पुढचे बोलायचे की गप्प राहायचे ते ठरेना. तोंड मात्र बोलू लागले. मी सगळे सांगितले. साहेब व्हरांड्यात बसून खात होता. मी खांबाशी कागद घेऊन उभा होतो. मला दिसली ती बशीत उरलेली हिरवी पाने. अठरा वर्षे मी त्या पानांवर जेवलो. मनुष्य खोटे का बोलतो, वडीलधाऱ्याने लहानांची क्षमा कशी मागावी, हेही सांगितले. डोळे पुसून मी वर पाहिले.

करंडी रिकामी होती. तिघांच्या हनुवट्या तांबड्या झाल्या होत्या. मंदा जमिनीला गाल टेकून माझ्या पाटाखाली पाहत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "जरा पाय उचला ना. एक स्ट्रॉबेरी तिकडे गेलीय."