माईंच्या शेगडीची बटणं

माईंच्या शेगडीला बटणं नव्हती. चार बर्नर, खाली ओव्हन, सगळं जागच्या जागी. फक्त पुढच्या पट्टीवर बटणांच्या ठिकाणी चार बोडके दांडे. बटणं सुनेच्या कपाटात, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. ती स्वयंपाकाला आली की डबा घेऊन यायची, बटणं बसवायची, आणि ओटा पुसून झाला की एकेक उपटून परत डब्यात टाकायची. माईंना चहा हवा असेल तर त्यांनी मागायचा. जिने जन्मभर या घराला चहा पाजला, तिने आपल्याच घरात चहा मागायचा!

कारणच तसं घडलं होतं, असं सगळे म्हणत. मागच्या कोपऱ्यातला छोटा बर्नर माईंनी दोनदा न पेटवता चालू ठेवला होता. पहिल्यांदा सून कामावरून आली तर घरभर गॅसचा वास. खिडक्या उघडल्या, थोडी चिडचिड झाली, विषय संपला. दुसऱ्यांदा मात्र सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "माई, तुम्ही पेटवायलाच विसरता हो!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही, ती खरोखरच घाबरली होती. माई सांगत राहिल्या, की मी बटण दाबून फिरवलं, नेहमीसारखंच फिरवलं. पण त्यांचं ऐकतो कोण? कानाने कमी असल्यामुळे बटण दाबल्यावर होणारी ठिणगीची टिकटिक त्यांना कधी ऐकूच येत नसे, आणि मोतीबिंदूमुळे मोठ्या पातेल्याखालची बारीक आच दिसत नसे. दूध मंद आचेवर ठेवायचं आणि बाहेर जाऊन बसायचं, ही हाताची जुनी सवय. तो बर्नर वापरायच्याही त्या एकट्याच. सुनेला त्याच्यावर काही शिजेपर्यंत धीर निघत नसे.

मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. "माई हल्ली विसरतात" हे शेजारी कळलं, फोनवरून लेकीला कळलं, आणि सगळे माईंशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. सगळ्यात वाईट म्हणजे माईंनाही ते पटायला लागलं. नळ बंद केला का, हे त्या पुन्हापुन्हा जाऊन बघत. बोलताना एखादा शब्द अडला, की वाक्य तिथेच सोडून गप्प बसत.

अशात पुढच्या बर्नरचा ठिणगी पाडणारा स्विच बिघडला. ओटा धुताना पाणी गेलं असावं. शेगडी बंद असली तरी टिकटिक टिकटिक चालूच. प्लग काढून ठेवला आणि काड्यापेटी आली. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. शेवटी लेकाने नवे स्विच मागवले. एकाच वायरीत ओवलेले चारही. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने फोन चहाच्या डब्याला टेकवून त्यावर व्हिडिओ लावला, बाह्या सरसावल्या आणि हाक मारली, "माई, जरा टॉर्च धर. एवढं तरी नीट जमेल ना?"

"जमेल," माई म्हणाल्या.

त्याने प्लग काढलेला पुन्हा तपासला, गॅसचा कॉक बंद केला, बर्नर उचलून बाजूला ठेवले, वरचा पत्रा काढला. मग पुढच्या पट्टीचे स्क्रू. पट्टी सुटली तशी आतली जळकट, तेलकट धूळ दिसली. प्रत्येक दांड्यात एकेक छोटा पांढरा स्विच अडकवलेला. पहिला निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याने जरा नखरे केले. चौथा मागच्या कोपऱ्यातल्या बर्नरचा. लेकाने हात घातला आणि तो तसाच थांबला.

माईंनी वाकून पाहिलं. त्या स्विचला वायरच जोडलेली नव्हती. दोन टोकं सोडवून बाजूला वळवलेली, आणि दोन्हींवर तपकिरी कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली.

ती पट्टी माईंची होती. टाचेच्या भेगांवर लावायची. मध्यंतरी ते रीळ सापडेना म्हणून त्यांनी घर पालथं घातलं होतं, आणि लेकानेच म्हटलं होतं, "ठेवलं असशील कुठेतरी आणि विसरली असशील." विसरण्याचा पहिला शिक्का तिथे बसला होता.

"हे काय रे?"

"कुठे काय?"

"ही पट्टी. माझ्या टाचेची."

लेकाने घाम पुसला. "अगं, तेव्हाही अशीच टिकटिक करत होती. त्या एकाच स्विचमुळे. डोकं उठलं होतं माझं. म्हटलं, तात्पुरता सोडवून ठेवू."

"कधी?"

"आधी."

"कशाच्या आधी?"

त्याने शेगडीत डोकं घातलं. माईंच्या हातातला टॉर्च मुळीच हलला नाही. त्यांना पहिल्यांदा आनंद झाला, अगदी लहान मुलीसारखा. आपलं डोकं शाबूत आहे! आपण बटण दाबलं होतं, फिरवलं होतं. ठिणगी पडणारच नव्हती. घरात विसरलं कोण, तर हा. आणि मग आनंदाच्या मागोमाग चीड आली.

"विसरलास सांगायला," त्या म्हणाल्या. "होतं असं. पण दुसऱ्यांदा वास आला, तेव्हा तरी आठवलं होतं की नाही?"

त्याने पाना उचलून एक नट उगाच आवळला.

"तोवर तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं गं," तो आतूनच म्हणाला. "आणि बटणं काढलीच होती. मग म्हटलं, आता काय."

आता काय! माईंनी त्या गोळ्या आठवल्या, ज्यांनी दुपारभर डोळ्यांवर झापड राहायची. लेकीचा तो सावकाश, गोड आवाज आठवला. पण त्या टॉर्च धरून राहिल्या. सून येईल, ती विचारेल, तेव्हा हा स्वतःच्या तोंडाने सांगेल. तेवढी संधी त्याला द्यावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. आईचं मन, दुसरं काय.

नवे स्विच बसले. जुन्या वायरीवरची चिकटपट्टी सोलून लेकाने खिशात घातली. पत्रा चढला, पुढची पट्टी आवळली गेली, डबा आला, बटणं लागली. प्लग लावून, गॅसचा कॉक उघडून त्याने मागच्या कोपऱ्यातलं बटण दाबून फिरवलं. निळी आच गोल उभी राहिली.

सून केस पुसत आली. "झालं? काय बिघडलं होतं?"

माईंनी टॉर्च बंद केला आणि लेकाकडे पाहिलं.

"स्विच गेले होते," तो म्हणाला. "पाणी जातं ना आत."

"बघा, मी म्हणत होते ना." सुनेने सहज माईंकडे पाहिलं. "ओट्यावर पाणी सांडून ठेवायचं नाही, हे किती वेळा सांगायचं?"

लेक हत्यारं आवरत होता. त्याने आच बंद केली. मग मान वर न करता चारही बटणं एकेक करून उपटली, डब्यात टाकली, झाकण लावलं आणि डबा बायकोच्या हातात दिला.

माई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "अरे," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "खिशातलं तेही टाक की डब्यात. बटणांबरोबरच राहू दे."

"खिशातलं काय?" सुनेने विचारलं.

लेकाचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"मला कुठलं आठवायला, बाई," माई म्हणाल्या. "त्याला विचार. त्याला सगळं आठवतंय." आणि टॉर्च ओट्यावर ठेवून त्या आपल्या खोलीत निघून गेल्या.