बांगड्यांखालची रेघ

निळ्या दिव्याखाली शर्मिष्ठेचे हात जवळजवळ काळे दिसत होते, म्हणजे स्वच्छ. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, नखांच्या कडा, कुठेच चमक नव्हती. फक्त मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, हिरव्या बांगड्यांखाली, एक बारीक फिकट रेघ उजळली होती. हातांना चमकणारं लोशन चोळायचं आणि मग नेहमीसारखे हात धुवायचे. जिथे साबण पोचला नाही, तिथली चुगली हा दिवा करतो.

तिने दिवा बंद केला. पण शेजारी उभ्या असलेल्या विनीताने पाहिलंच. विनीता वॉर्डातली नवी नर्स, गेल्याच महिन्यात लग्न झालेली, हातभर चुड्याची.

"सिस्टर, आता तुम्हाला परत धुवायला कोण पाठवणार? काल डॉक्टर हरिश्चंद्रांना तर नखांपायी पिटाळलंत."

"उद्याही पिटाळीन," शर्मिष्ठा म्हणाली आणि स्वतःच बेसिनकडे वळली. बांगड्या कोपराकडे सारून तिने रबर लावलं. तरी ओल्या हातावरून त्या सवयीने घसरून खाली आल्या.

प्रसूती वॉर्डची ती इन्चार्ज. पूर्वी सिझेरियनचे टाके चिघळून बायका परत यायच्या. डॉक्टर असो की आया, पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचेच, हा धाक तिने बसवला आणि ते येणं थांबलं. कणकवलीच्या एका हॉस्पिटलातल्या नर्स उद्या हे बघायला यायच्या होत्या. एकच गोष्ट, कामावर बांगड्या न घालण्याचा नियम, तिने "नंतर बघू" म्हणत बाजूला ठेवली होती. तिच्याच हातात बांगड्या, मग विनीताला काय तोंडाने सांगायचं?

अडलं होतं ते घरी. नवरा सुशांत मालवाहू जहाजावर. तो निघायचा, त्याच्या आदल्या दिवशी सासू, म्हणजे अक्का, तिला कट्टा गावच्या बाजारात नेऊन कासाराकडून बांगड्या भरवायची. तो परत येईपर्यंत त्या उतरायच्या नाहीत. अक्काचे स्वतःचे हात मोकळे होते. सासरे होडी घेऊन गेले, ते आलेच नव्हते. त्या हातांकडे बघितलं की शर्मिष्ठा बांगड्यांचा विषय टाळून कामाला लागायची.

संध्याकाळी ती तोंडवलीला घरी पोचली, तर खळ्यात, पुढच्या अंगणात, माणसं बसलेली. शेजारची जानकी बाळाला घेऊन आली होती. शर्मिष्ठेच्याच वॉर्डात तिचं सिझेरियन झालं होतं. चुलतसासरे गंगारामकाका होडीवरून कोळंबी उतरवून आले ते थेट बाळाकडे हात पसरून निघाले.

"थंयच थांब!" अक्का कडाडली. "हातांक सुंगटांचो वास मारता आणि पोराक धरतस?"

काकांनी बादलीत चार बोटं बुडवली. "हे बघ, धुतले."

"तुझ्यापरास कावळो बरो रे. तो पंख तरी भिजयता." जानकी हसायला लागली, तशी अक्का तिच्याकडे वळली. "माझ्या सुनेचा काम बघलंस मां गो तू? मोठे मोठे डॉक्टर तिच्या धाकान हात धुतत. उद्या कणकवलीसून माणसां येतत, शिकाक. थंय कोणाक सूट नाय. शर्मिष्ठा, दाखय गो ह्येका, हात कसे धुतत ते."

शर्मिष्ठा खळ्याच्या कडेला धोंडीजवळ, पाण्याच्या दगडी कुंडीपाशी, बसली. तिने साबण घेतला, बांगड्या वर सारल्या. तळवे, बेचक्या, अंगठे. काका खरोखरच तिचं बघून हात चोळू लागले. जानकी बाळाला थोपटत बघत होती. अक्का कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि तिची मान अशी ताठ होती, की जणू ते हात तिने स्वतः घडवले होते.

बांगड्या किणकिणत खाली आल्या. त्यांच्याखालून फेसाचं पाणी निथळून तळव्यावर उतरलं.

थंय कोणाक सूट नाय. अक्काने ते सगळ्या खळ्यासमोर सांगितलं होतं, आणि त्यातला एक शब्दही खोटा ठरलेला शर्मिष्ठेला चालणार नव्हता. ती हात न पुसताच उठली आणि अक्कासमोर उभी राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "उद्यापासून कामार जाताना बांगड्यो काढून देवाकडे ठेवतलंय. घराक इलंय काय परत घालतलंय. ह्यांका फोन करून मीच सांगतलंय."