चूक ग्राहकाची

केजच्या मेन रोडवर कल्याणरावांचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या माडीवर त्यांच्या लेकीचं, शिवांजलीचं, कार्टून बनवायचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि एक भलाथोरला कॉम्प्युटर. भागीदार परमेश्वर. दोघं अंबाजोगाईला कॉलेजात एका वर्गात होते. परमेश्वरचे वडील सटवा मेंढरं घेऊन सिरसाळ्याच्या शिवारात हिंडायचे. मेंढरू मान कशी खाली घालतं, चिखलातून पाय कसा उचलतं, हे परमेश्वरला कुणी दाखवावं लागत नसे. म्हणून तर पुण्याच्या एका संस्थेनं मेंढपाळाच्या पोरीवरची लहान मुलांची फिल्म या दोघांकडं दिली होती.

मेंढरं झकास झाली, पण लोकरीनं जीव खाल्ला. एकेका अंगावर हजारो केस, आणि प्रत्येक केसावर ऊन पाडायचं तर साध्या मशिनचं काम नव्हतं. त्यासाठी त्यांनी बाजारातलं सगळ्यात दांडगं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते बनवणाऱ्या कंपनीपुढं बाकीच्या कंपन्या असून नसल्यासारख्या. लोकरीचं सॉफ्टवेअरसुद्धा तिच्याच कार्डावर चालायचं, दुसरं कार्ड लावलं की उघडतच नव्हतं. जुन्या कार्डांना वीज द्यायला दोन-दोन जाडजूड प्लग असायचे. कंपनीनं त्यांच्या जागी बोटाएवढा एकच आणला होता, आणि सगळा करंट त्याच्या बारक्या पिनांमधून जायचा.

कळप टेकडी उतरतो तो प्रसंग चालू होता. भर दुपारी स्क्रीन काळी झाली, कार्डाचे पंखे पिसाळल्यासारखे फिरायला लागले आणि खालून शिवांजलीची आई जगदेवी ओरडल्या, "शिवा, काय जळायलंय गं?"

परमेश्वरनं बटण बंद केलं. प्लग निघता निघेना. ओढून काढला तर दोन भोकं तपकिरी पडलेली आणि कडेचं प्लास्टिक वितळून बसलेलं.

कार्ड वॉरंटीत होतं. संभाजीनगरच्या दुकानदारानं, मोहनरावांनी, ते कंपनीकडं पाठवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: प्लग पूर्ण बसवलेला नव्हता, चूक ग्राहकाची, वॉरंटी लागू नाही.

प्लग परमेश्वरनं लावला होता.

"टक आवाज येईस्तोर दाबलाय म्या," तो म्हणाला. "वरून हलवून बी बघितला."

"मंग जळला कावून? एवढी मोठी कंपनी उगं म्हणंल का?"

हे शिवांजलीच्या तोंडून सहज निघून गेलं. परमेश्वर खुर्चीवरचा टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फोन लावला तर म्हणाला, "आबाला बरं न्हाई. मेंढरामागं हाय मी."

शिवांजलीनं कंपनीचा पिच्छा सोडला नाही. फोन लावला की गाणं वाजायचं, मग गोड आवाजाचा कुणीतरी यायचा, सगळं पहिल्यापासून विचारायचा आणि चौकशी करतो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी नवा आवाज, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कंपनीनं कळवलं की चूक तुमचीच आहे, पण सद्भावना म्हणून एकदा कार्ड बदलून देतो. उपकार केल्यासारखी ती भाषा वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण कार्ड तर पाहिजे होतं.

नवा प्लग तिनं स्वतः बसवला. बॅटरीच्या उजेडात चारी बाजूंनी बघितला, कुठं फट नाही याचे फोटो काढले, वायरीला बाक येऊ नये म्हणून कॅबिनेटचं झाकणच काढून ठेवलं. काम सुरू झालं. मेंढरं टेकडी उतरायला लागली. थोडे दिवस बरे गेले, आणि एका सकाळी तोच वास आला.

प्लग ओढला. त्याच बाजूची भोकं, तसाच डाग. शिवांजली तिथंच फरशीवर बसली. कार्ड गेल्याचं तिला त्या घटकेला काही वाटलंच नाही. जिना उतरतानाची परमेश्वरची पाठ तेवढी डोळ्यापुढं येत होती.

कंपनीला फोन केला तर आवाज म्हणाला, "मॅडम, केबल वाकली असेल."

"फोटो पाठवलेत. सरळ आहे."

"मग खोलीतलं तापमान जास्त असेल."

"केजात उन्हाळ्यात तापमान जास्तच असतं, दादा. तुमी कार्ड कुठं चालवायला बनवता?"

आवाजानं चौकशी करतो म्हणून सांगितलं.

ती जीप धरून सिरसाळ्याला गेली. मेंढरं एका पीक काढलेल्या रानात बसवली होती. परमेश्वरची आई कडूबाई पालापुढं भाकरी थापत होत्या. "ये माय, बस," म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. परमेश्वर एका मेंढीला पायात धरून कातर चालवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दुसरं बी जळलं," शिवांजली म्हणाली.

"कुणी लावलतं?"

"मी."

"मंग तुझी बी चूकच की."

कातर चालत राहिली. काळी लोकर गालिच्यासारखी एकसंध सुटून येत होती.

"चुकलं माझं, परमेश्वर," ती म्हणाली. "तू सांगत होतास तवा तुझं ऐकायचं होतं."

"कंपनीचं एक वेळ सोड," तो म्हणाला. "तिला आपण कोण हाव ते ठावं न्हाई. तुला ठावं व्हतं. ते लागलं बघ."

 त्यानं मेंढी सोडली. भादरलेली मेंढी निम्मी होऊन, अंग झटकत कळपात पळाली. परमेश्वर तिच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "शिवा, आपली मेंढरं बी कातरून टाकू."

"म्हंजी?"

"फिल्ममधली. टेकडी उतरायच्या आधी कातरणी झाली असं दाखवू. केसच नसले तर कार्डावर लोड कशाचा? जुन्या कार्डावर बी निघंल."

कडूबाई हसल्या. "कातरल्याबिगर मेंढरं मोकळी चालत्यात व्हय? लई शाणं हाय माझं लेकरू."

लातूरला एक गेमिंग पार्लर बंद पडलं होतं, तिथून त्यांनी दोन जुन्या प्लगांचं कार्ड आणलं. तेही त्याच कंपनीचं. बाकीच्या फिल्मला लोकरीचं सॉफ्टवेअर लागणारच होतं, दुसरा इलाजच नव्हता. ते हळू चालायचं, पण प्लग हाताला कोमटसुद्धा लागत नव्हता. कातरणीचा प्रसंग परमेश्वरनं नव्यानं बसवला, कातर चालवणारे आपल्या आईचे हात नजरेसमोर ठेवून. पुण्याच्या लोकांना तोच सगळ्यात आवडला.

दरम्यान दोघांनी बीडच्या ग्राहक आयोगात तक्रार घातली होती. कंपनीचे वकील तारखेवर तारीख मागत होते. एके दिवशी त्यांनीच दोघांना आयोगाच्या व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, कंपनी कार्डाची सगळी रक्कम द्यायला तयार आहे, फक्त या कागदावर सही करा आणि तक्रार मागं घ्या.

शिवांजलीनं कागद सावकाश वाचला. ग्राहकाच्या सदोष हाताळणीमुळे नुकसान होऊनही कंपनी सहानुभूतीपूर्वक, असं काहीसं लिहिलं होतं. पुढं या प्रकाराबद्दल कुठंही बोलायचं नाही, अशी अट होती.

"कर सही," परमेश्वर हळूच म्हणाला. "नवं मशिन येईल. मला आता काई वाटत न्हाई."

"मला वाटतंय," ती म्हणाली आणि वकिलांना कागद परत दिला. "साहेब, सदोष हाताळणी हे शब्द काढा. मंग बघू."

"ते शब्द कंपनी काढणार नाही, मॅडम."

"मंग पुढची तारीख घ्या."

वकिलांनी खांदे उडवले आणि आत गेले. तारीख दिवाळीनंतरची पडली. दोघं स्टँडकडं चालत निघाले. वाटेत परमेश्वर पुढच्या फिल्मबद्दल सांगत होता. त्यात बैल घ्यावेत असं त्याचं म्हणणं होतं, आणि शिवांजली म्हणत होती, म्हशी; त्यांच्या अंगावर केस बैलापेक्षा बी कमी.