आनंदीआत्याची तुटलेली सुई

वाघोलीच्या त्या मांडवात चाळीस खुर्च्या होत्या आणि एकतीस माणसं. बसलेली नऊ. बाकीची बावीस उभी होती, कारण त्यांना बसता येत नव्हतं.

काटेमहाराजांची ख्यातीच तशी होती. काटा, काच, सुई, अडचणीच्या जागी काहीही घुसो, महाराज ते कपड्यावरूनच ओढून काढत. डॉक्टरकडे कपडे बाजूला करावे लागतात.

माझी आनंदीआत्या उभ्यांपैकी एक. ती कोथरूडला घरी शिवणकाम करते. तीन दिवसांपूर्वी जीन्स शिवताना मशीनची सुई तुटून खालचा तुकडा उडाला. तो शोधायला ती उठली, सापडला नाही म्हणून पुन्हा बसली. तुकडा स्टुलाच्या गादीत टोक वर करून उभा होता.

दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "तिथे काय सांगू? कुठे घुसली ते?" आज सकाळी तिला १००.८ ताप होता.

"काय घुसलंय?" दारातल्या बाईने विचारलं.

"सुई," आत्या पुटपुटली. बाईने चिठ्ठी लिहून आत पाठवली.

महाराजांपुढे तीन ताटं होती, तिन्हींत विड्याच्या पानांच्या घड्या. चिठ्ठी वाचून त्यांनी डावीकडची घडी उचलली, आत्याच्या साडीवर दाबली आणि गरजले, "निघ! सरळ निघ, वाकडी निघ, पण निघ!" पानातून चकाकतं टोक बाहेर आलं. जयजयकार झाला.

"घडी उघडायची नाही. सात दिवसांनी नदीत सोडा. आधी उघडलीत तर सुई आली तशी परत जाईल."

"पत्ता लक्षात राहील का तिच्या?" मी विचारलं.

"पूर्वे, गप्प बस!" आत्या म्हणाली.

संध्याकाळी ताप १०२.१ झाला. जखमेभोवतीची लाली काल सहा सेंटिमीटर होती, आज नऊ.

"आत्या, आत्ता दवाखान्यात चल."

"कशाला? सुई निघालीय. विष उतरतंय आता."

"मग घडी उघडून बघू."

"हात लावू नकोस!"

आत्या चौदा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथे सुई तुटली की सगळे तुकडे शोधून, जुळवून वहीत चिकटवायचे; त्याशिवाय नवी सुई मिळत नसे. एखाद्या बाळाच्या झबल्यात तुकडा राहायला नको म्हणून. घरीही तिने तशी वही ठेवली होती. मी ती काढली. शेवटच्या पानावर वरचा तुकडा होता, खालची जागा रिकामी.

"हा एवढाच तुकडा दाखवून कारखान्यात नवी सुई मागितली असतीस तर?"

"सुपरवायझरबाईंनी अख्खी लाइन थांबवली असती."

"मग आज का नाही थांबवत?"

तिने वहीतल्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. मग हात पुढे केला. "आण इकडे. मीच उघडते."

घडीत दोन पानं चुन्याने चिकटवलेली होती. बाहेरच्या पानाला आधीच बारीक चीर दिलेली. मधे सुई, घडी दाबली की टोक चिरेतून बाहेर येत होतं. मी तीनदा दाबून पाहिलं, तिन्ही वेळा आलं. म्हणजे एक ताट सुयांचं, एक काट्यांचं, एक काचांचं. कुठलं उचलायचं ते चिठ्ठी सांगत होती.

आत्याने सुई उजेडात धरली. अखंड होती, एकतीस मिलिमीटर.

"नेढं मागे आहे हिचं," ती म्हणाली. "ही हातशिलाईची. मशीनच्या सुईला दोरा ओवायचं नेढं टोकाजवळ असतं." तिने सुई खाली ठेवली. "पूर्वे, माझी अजून आतच आहे गं."

मी रिक्षा बोलावली.

"कुठे घुसली?" डॉक्टरांनी विचारलं. आत्याने सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि एक्स-रे काढायला पाठवलं. कोणी हसलं नाही. त्या रात्रीच शस्त्रक्रिया झाली.

दुसऱ्या दिवशी आत्या पालथी पडल्यापडल्या म्हणाली, "वाघोलीला जा आणि त्या उभ्या असलेल्यांना सांग. लाज दोन मिनिटांची असते. हातात दिलंय ते उघडून बघा, आणि दुखतंय ती जागा डॉक्टरला दाखवा. आधी मात्र माझी वही आण."

डॉक्टरांनी बाटलीत दिलेला तुकडा मी वहीत चिकटवला आणि मोजपट्टी लावली. वरचा तुकडा तेवीस मिलिमीटर, खालचा पंधरा. त्याच जातीची नवी सुई अडतीस मिलिमीटर.