निळ्यानंतरचा हिरवा

धुके विरू लागले तेव्हा नावाड्याने टाकीतले डिझेल काठीने मोजले, लाकडी नकली मासा गळाच्या दोरीला जोडला आणि तो होडीच्या मागच्या टोकाशी बसला. पुढे सुकाणूच्या चाकापाशी, त्याच्याकडे पाठ करून, बायको बसली. मधल्या फळीवर आजचे एकुलते एक गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर. तळ्यावर वाऱ्याचा मागमूस नव्हता.

दोरीच्या पोटात शिसे होते. दर तीस फुटांवर तिचा रंग बदले आणि होडी संथ चालली, की एकेका रंगागणिक मासा पाच फूट खाली उतरे. खडक तीस फूट खोल होते, मोठे मासे त्यांच्या जरा वर. म्हणून पाच रंग सोडायचे. पाचवा निळा. त्यामागून हिरवा दिसला, की रीळ थांबवायचे. तीस वर्षे दोरीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. धक्क्यावर त्याला ‘फूटपट्टी’ म्हणत, आणि त्याचा त्याला अभिमान होता. अलीकडे निळा जरा लांबल्यासारखा वाटे. दोरीच ताणली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

“पाच!” त्याने रीळ अडवले. इंजिनाचा आवाज किंचित चढला.

“एक विचारू का बाई?” मास्तर म्हणाले. “हे पाच म्हणाले, की तुम्ही वेग का वाढवता? मघापासून तिसऱ्यांदा.”

“समोरून वारा आहे.”

“वारा? माझी टोपीसुद्धा हलत नाहीये.”

“मास्तर, शाळा सुटली तुमची. पाण्याकडे बघा.”

नावाडी हसला नाही. “वेग कमी कर,” तो म्हणाला.

“अहो, राहू द्या ना.”

“कमी कर म्हटलं ना!”

तिने वेग उतरवला. थोड्या वेळाने गळाच्या काठीचे टोक थरथरले. नकली मासा तळच्या खडकांवर ठेचकाळत होता.

“किती सुटलेत?” त्याने हळूच विचारले.

“सहा. मी वळून बघते ना. हिरवा तुम्हाला दिसेपर्यंत संपत आलेला असतो. वेग वाढवला की मासा वर उचलला जातो, म्हणून...”

“कधीपासून?”

“झालं वर्ष.”

“आणि मला एका शब्दानं सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी उठून आला असता का तळ्यावर?”

मास्तर उगीचच चष्मा पुसत राहिले. नावाड्याने सावकाश सगळी दोरी गुंडाळली, माशाच्या पोटाला लागलेला चिखल अंगठ्याने काढला आणि तो काठी घेऊन पुढे आला.

“ऊठ.”

“अहो, मला कुठं जमतंय?”

“वर्षभर माझ्या पाठीमागून जमवलंस की. जा, बस तिथं.”

ती मागे गेली. तो चाकापाशी बसला. आता त्याची पाठ दोरीकडे होती. समोर नुसते पाणी. मागे रीळ करकरू लागले आणि ती एकेक रंग मोठ्याने सांगू लागली, आधी चाचरत, मग नीट.

“हिरवा आला,” ती म्हणाली. “थांबवू?”

“मला काय विचारतेस?” तो म्हणाला, आणि मागे न पाहता त्याने वेग होता तेवढाच ठेवला.