याडीचे हुंदके

माझी रांगती नयन झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली एकोणीस याडीची.

याडी म्हणजे माझी आई, भुरीबाई. आमच्या बंजारा तांड्यात पोरगी सासरी निघाली की तिच्या गळ्यात पडून, रडत रडत ढावलो गातात. माझ्या लग्नात याडीनं गायला. व्हिडिओवाल्यानं त्याची सीडी करून दिली होती. गेल्या पावसाळ्यात याडी गेली आणि परवा नयननं ती सीडी फरशीवर घासली. आता ती अडकते.

बापू, माझे वडील, आठवडाभर आमच्याकडे पुसदला होते. त्यांना शेतात ऐकता यावं म्हणून माझ्या भावानं, बबलूनं, दुबईहून मिनीडिस्कचं यंत्र आणलं होतं; तळहातात मावणारं, एका सेलवर चालणारं. डिस्क प्लास्टिकच्या डबीतच, ओरखड्याची भीती नाही. याडीचं गाणं त्यात उतरवायला मी सीडीप्लेयरला वायर जोडली. आवाज सुरू झाला की यंत्र तो आपोआप भरून घ्यायला लागतं, बंद झाला की थांबतं. मी ती सोय लावली आणि लंगोट धुवायला गेले.

संध्याकाळी बापूंनी कानाला लावलं.

"राखी, हे तुह्या याडीचं नोहे."

"काहून बापू? आवाज तर तिचाच हाय."

"आवाज तिचा. पण ते रडूनच नाही राह्यली. एसटी सुटून राह्यल्यासारखी घाईघाईनं गाते."

मी ऐकलं. लग्नात दोन ओळींच्या मध्ये याडी माझ्या खांद्यात तोंड खुपसून दबके हुंदके देत होती. यंत्राला वाटलं, गाणं संपलं. प्रत्येक हुंदका गेला आणि पुढच्या ओळीचं पहिलं अक्षरही.

माझे यजमान शाम म्हणाले, "गाणं आलं ना? कायले जीव खातेस? सीडी पुन्हा चालते का नाही, कोण सांगणार!"

"चालवीन."

बापूंची ढाणकीची गाडी दुसऱ्या दिवशी एकला. नयन साडेदहाला झोपली. तिच्या मऊ फडक्यानं सीडी मधून कडेकडे, सरळ सरळ पुसली. ती आपोआपची सोय बंद केली. बटणावर माझंच बोट.

सातव्या मिनिटाला अडकली. पुन्हा पुसली. दुसऱ्यांदा अकराव्याला. तिसऱ्यांदा लावली तोवर नयन उठली. तिला पदराखाली घेतलं, एक हात तिच्या पाठीवर, दुसरा यंत्रावर. खोलीतला आवाज वायरीत जात नाही, हे माहीत असूनही मी श्वास धरून बसले. सातवं मिनिट गेलं. अकरावं गेलं. याडी थांबली, हुंदकली, पुन्हा गायली. एकोणीस मिनिटं झाली आणि मी बटण दाबलं. नयन दूध पिता पिता माझ्याकडे टकामका बघत होती.

बसस्टँडवर बापूंनी कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"आजोबा, चढा ना, गाडी निघाली!" कंडक्टर ओरडला.

बापूंनी हात वर केला.

"थांब ना भाऊ. तिचं रडनं तं होऊ दे."