दवाखान्यापासून लांब

निवृत्तीनंतर राहायला गाव शोधायचं तर लोक हवा बघतात, पाणी बघतात, शेजार बघतात. सिस्टर आधी ॲम्ब्युलन्स बघायची. एजंटने घराचं कुलूप उघडायच्या आत तिचा प्रश्न तयार असायचा: जवळचं हॉस्पिटल कुठे, आणि गाडी यायला किती वेळ लागतो?

तिला सगळेच सिस्टर म्हणत. जन्मभर अतिदक्षता विभागात नोकरी केली, हेड सिस्टर म्हणून निवृत्त झाली आणि पेन्शनबरोबर हे नावही घरी घेऊन आली. दूधवाला सिस्टर म्हणायचा, वॉचमन म्हणायचा आणि थट्टेच्या लहरीत असला की नवराही म्हणायचा. अलीकडे तो तशा लहरीत फारसा नसायचा.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. शहरातल्या कितीतरी उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये त्याने आपली उमेदीची वर्षं ग्रीसमध्ये बुडवली होती. "आयुष्यभर लोकांना वर पोचवलं, आता आपण जाऊन राहू," असं म्हणत डोंगरातल्या गावाचा विषय त्यानेच काढला होता. लेकीला ते मुळीच पसंत नव्हतं. "आई, दुरून डोंगर साजरे," ती फोनवर म्हणाली. "म्हणून तर जवळ जाऊन बघतोय," सिस्टर म्हणाली. तिला खरं तर डोंगर हवा होता की समुद्र की आहे तोच तिसरा मजला, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. नवऱ्याने काहीतरी मागितलं होतं. आजारपणानंतर पहिल्यांदाच मागितलं होतं. तेवढं पुरे होतं.

ते आजारपण आलं ते सकाळचा चहा पिताना. कप ओट्यावर ठेवायला म्हणून तो उठला आणि उभ्याचा आडवा झाला. सिस्टरने पायाने स्टूल बाजूला ढकललं, त्याला सरळ केलं आणि छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला सुरुवात केली. फासळी मोडल्याचा आवाज तिने ऐकला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, त्यामुळे ती थांबली नाही. शेजारणीला ओरडून गाडी बोलवायला सांगितलं, तेही हात न थांबवता. गाडीतून आलेली मुलं तिला बाजूला करायला लागली, तर तिने त्यांनाच कामाला लावलं. पुढे तो कित्येक दिवस घशात नळी घालून तिच्याच जुन्या वॉर्डात पडून होता. घरी आला तो अर्धा होऊन. उजवा हात थरथरायचा. स्क्रूड्रायव्हर धरता येईना, शर्टाची बटणं सिस्टरने लावायची.

तिचं कौतुक मात्र काही विचारू नका. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या. ज्यांनी कधी जिन्यात वाट दिली नाही ते हात जोडून उभे राहिले. लेक गळ्यात पडून ढसाढसा रडली, "आई, तू होतीस म्हणून बाबा आहेत." सिस्टरने तिच्या पाठीवर थोपटलं आणि आपल्यालाही आता रडू येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही. दात काढायच्या आधी सुई देतात आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच वाटायला लागलं होतं. जेवत होती, औषधांच्या वेळा पाळत होती, बोलत होती. पण काही आत पोचत नव्हतं. उतरेल हळूहळू, असं ती स्वतःला म्हणायची, पेशंटला म्हणावं तसं.

अशात गावं बघणं सुरू झालं. पहिल्या गावात चांगलं सुसज्ज हॉस्पिटल होतं, तर नवऱ्याला तिथे गाड्यांचा आवाज फार वाटला. दुसऱ्या गावात डॉक्टर शेजारीच राहत होता, तर नवऱ्याला घरात ओल दिसली. सिस्टरने भिंतीला हात लावून पाहिला, भिंत खडखडीत कोरडी होती. पण आजारातून उठलेल्या माणसाशी भिंतीवरून कोण भांडणार? हे तिसरं गाव त्याने स्वतःच शोधून काढलं. बसमधून उतरले तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चढावर बांधलेली बुटकी घरं, पत्र्याची छपरं, एक दुकान, एक शाळा, एक लहानसं लॉज आणि बाकी सगळा डोंगर. नवऱ्याने आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, "एकही लिफ्ट नाही. वा!"

इथला एजंट गोल गरगरीत होता आणि चढावरही त्याचं तोंड बंद होत नव्हतं. घर दाखवता दाखवता तो म्हणाला, "बाई, इथली हवा म्हणजेच औषध."

"हवेचं कळलं. औषध कुठे मिळतं ते सांगा," सिस्टर म्हणाली.

"अहो, लागतंच कुणाला? आमच्याकडे कुणी आजारीच पडत नाही."

"मग मरतात कशाने?"

"मरतात की! पण आजारी न पडता." एजंट स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

आणि नवरा हसला. मोठ्याने, मान मागे टाकून हसला. चहाच्या त्या सकाळनंतर सिस्टरने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटायला हवं होतं. त्या हसण्याकडे ती वॉर्डातल्या कुणाच्या तरी रिपोर्टकडे बघावं तशी बघत राहिली.

घर वाईट नव्हतं. दोन खोल्या, लाकडी जमीन, स्वयंपाकघरात मोठी खिडकी. खिडकीतून खाली दरी आणि समोर डोंगराची पाठ. नवरा पुढच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला तो बसलाच. एजंट म्हणाला, "सावकाश बघा, मी घरी जाऊन चावीचा दुसरा जुडगा घेऊन येतो." सिस्टर म्हणाली, "मी जरा दवाखाना बघून येते."

दवाखाना शाळेच्या मागे होता, आणि बंद होता. काचेतून आत तपासणीचं टेबल दिसत होतं, त्यावर खोकी रचलेली. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, पण मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो दाराला लावून ठेवला होता. सिस्टरच्या वॉर्डात असं कुणी केलं असतं तर त्याची तिने पार चंपी केली असती. इथे ती नुसती काचेला नाक लावून उभी राहिली.

"आठवड्यातून एकदा येतात डॉक्टर," शेजारच्या दुकानातून आवाज आला. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून बसला होता. "पावसात दरड कोसळली की तेही नाही. रस्ताच बंद होतो."

"आणि मध्येच कुणाच्या छातीत दुखलं तर?"

"जीप काढतो. खाली नेतो. कधी पोचतो, कधी वाटेतच..." त्याने हात हलवला. मग तिच्याकडे नीट बघून म्हणाला, "सकाळी एक गृहस्थ आले होते ते तुमचेच का? उंच, हात जरा थरथरतो?"

बसमधून उतरल्यावर सिस्टर लॉजमध्ये सामान लावत होती तेव्हा नवरा पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडला होता. तिने मान हलवली.

"त्यांनीही अगदी हेच विचारलं. डॉक्टर कधी येतात, रस्ता कधी बंद असतो, ऑक्सिजन आहे का. मी म्हटलं, साहेब, खोटं कशाला बोलू, इथे काहीच नाही. तर म्हणाले, 'छान.' मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. काडेपेटी घेतली आणि गेले."

नवरा विडी-सिगारेट ओढत नव्हता. बिचाऱ्याने फुकट विचारायला नको म्हणून काडेपेटी घेतली असणार. सिस्टरला आधी तेच सुचलं. मग बाकीचं सुचलं. पहिल्या गावातला आवाज, दुसऱ्या गावातली ओल. ती मठ्ठ नव्हती, पण तिने नवऱ्याकडे नर्सच्या नजरेनेच पाहिलं होतं आणि नर्सच्या नजरेत माणसाला वाचायचंच असतं, ही एक गोष्ट धरलेली असते.

ती चढ चढून परत आली. तो पायरीवरच होता.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" ती म्हणाली. "सरळ सांगायचं, मला डॉक्टर नसलेलं गाव हवंय म्हणून."

तो थोडा सरकला आणि पायरीवर तिला जागा केली. ती बसली नाही.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले."

"मग?"

"मग काय? लेकीला काय सांगू? तुझ्या बाबांना मरायला चांगली जागा मिळाली, खिडकी मोठी आहे?"

"मला मरायचं नाहीये," तो शांतपणे म्हणाला. "मला इथे राहायचंय. सकाळी उठायचं, डोंगर बघायचा, तुझ्या हातचं खायचं. चालेल तेवढं चालू दे. पण परत कधी पडलो तर मला परत आणायचं नाही. ती नळी नको. हात बांधून ठेवले होते माझे, माहितीये ना तुला?"

तिला माहीत होतं. नळी ओढू नये म्हणून बांधतात. तिनेच नव्या मुलींना बांधायला शिकवलं होतं, गाठ कुठे घ्यायची, कातडी कशी सांभाळायची. त्याचेही तिच्यासमोरच बांधले होते आणि गाठ बरोबर आहे ना, हे तिने तपासलं होतं.

"वॉर्डात नातेवाइकांना विचारतात," तो म्हणाला. "तूच सांगायचीस घरी येऊन. अमक्याच्या बायकोला विचारलं, तमक्याच्या मुलाला विचारलं. मला कुणी विचारलं नाही, सिस्टर."

खूप दिवसांनी त्याने तिला सिस्टर म्हटलं होतं, पण थट्टा नव्हती त्यात.

"विचारायला वेळ होता का?" ती म्हणाली. आवाज चढला तसा तिला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "आणि मी काय करू? तुम्ही समोर पडलात तर मी काय करू? हे हात माझं ऐकत नाहीत. सवय झालीय त्यांना. परत दाबतील. परत मोडतील फासळ्या."

"माहीत आहे."

"मग एकटेच या इथे. मला कशाला मध्ये घेता?"

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आला आहे. चांगला, खणखणीत राग. कित्येक महिन्यांत काही आत पोचलं नव्हतं, आणि पोचलं ते हे.

थरथरणारा हात त्याने दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता, सुटलेली वायर धरून ठेवावी तसा.

"एकट्याला भीती वाटते," तो म्हणाला. "विचार केला मी तोही. कुणालाच न सांगता यायचा. पण मला तू जवळ हवीस गं. काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

सिस्टर उभीच होती. तिने आयुष्यात कितीतरी माणसं जाताना बघितली होती, आणि त्यातल्या एकाजवळही ती नुसती बसली नव्हती. बसायचं काम बायकांचं, मुलांचं, भावंडांचं. मशीन वाजायला लागलं की पहिल्यांदा त्यांनाच ती बाहेर काढायची, खांद्याला धरून, गोड बोलून, आणि पडदा ओढायची. त्या बायका पडद्याच्या पलीकडे काय करत असतील याचा तिने कधी विचार केला नव्हता. त्यांना तिथे बसू द्यायला हवं होतं का, हा प्रश्नही तिला आत्ता पहिल्यांदाच पडला, आणि त्या सगळ्या बायकांपुढे एकदम लाज वाटली.

खालून एजंट वर येताना दिसला. चाव्यांचा जुडगा वाजवत, धापा टाकत, पण तोंड चालूच. "काय बाई, ठरलं का? पसंत आहे ना?"

सिस्टरने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, समोर बघत होता. विनवणी नव्हती त्याच्या तोंडावर. घाबरलेला मात्र होता, आणि ते तिला अगदी स्पष्ट दिसलं. परत आणल्यापासून हा माणूस इतके दिवस घाबरलेला होता आणि ती त्याला गोळ्या मोजून देत होती.

"पसंत आहे," ती म्हणाली. "पण पाच मिनिटं द्या आम्हाला."

एजंट समजूतदार निघाला. फाटकापाशीच थांबला आणि पाठ करून दरी बघू लागला, जणू ती त्याला नवीनच होती.

सिस्टर पायरीवर बसली. नवऱ्याचा हात तिने आपल्या हातात घेतला, तर तिची बोटं न सांगता त्याच्या मनगटावर गेली आणि नाडी शोधू लागली. त्याने ती एकेक करून उचलली आणि आपल्या तळव्यात ठेवली. ती परत मनगटाकडे सरकली. त्याने परत उचलली.

"मग करायचं काय?" तिने विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "असंच."